इओसिनोफिल आणि यकृत



रक्त तपासल्याचा कागद आज घरोघरीं येतो. त्यावर 'इओसिनोफिल' या शब्दापुढें एक आंकडा असतो. पण तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या आंकड्याचें यकृताशीं क्वचित् जडणारें नातें आज सांगावयाचें आहे.

इओसिनोफिल ही रक्तांतील पांढऱ्या पेशींची एक जात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं ती १८७९ सालीं ओळखली. इओसिन नांवाचा तांबूस रंग या पेशींतील कण चटकन् शोषून घेतात, म्हणून हें नांव. इओस ही ग्रीक लोकांची उषादेवी. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींत यांचें प्रमाण शेंकडा १ ते ५ एवढेंच असतें. जंतांसारख्या मोठ्या शत्रूशीं झुंजणें हें यांचें एक काम. त्यासाठीं त्यांच्या कणांत दाहक प्रथिनें भरलेलीं असतात. पण दारूगोळ्याचें कोठार घरांतच फुटलें, तर घरच जळावयाचें!

एका घन मिलिमीटर रक्तांत ही संख्या १५०० च्या वर जाऊन तशीच टिकली, दुसरें कारण सांपडलें नाहीं आणि अवयवांस इजा होऊं लागली, तर त्या दुर्मिळ विकारास हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम म्हणतात. हें नांव १९६८ सालीं पुढें आलें. यांत हृदयास मोठा धोका असतो. पण यकृतही नेहमींच सुटतें असें नाहीं. या पेशी यकृतांत शिरतात व तें सुजतें. कधीं पित्तनलिका दाहानें अरुंद होऊन कावीळ होते. तर क्वचित् यकृतांतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत गुठळी बसते आणि पोटांत पाणी सांचतें. या शेवटल्या प्रकारास बड-कियारी विकार म्हणतात.

आतां मुख्य मुद्दा. आंकडा वाढला म्हणजे हाच विकार, असें मुळींच नव्हे. आपल्याकडे जंत, हत्तीरोगाचे कृमी आणि न सोसणारीं औषधें हीं कारणें कितीतरी अधिक आढळतात. औषध बाधलें असतां ताप, पुरळ, वाढलेले इओसिनोफिल आणि यकृताचा दाह हीं सारीं एकदम दिसूं शकतात. तेथें तें औषध ओळखून तत्काळ थांबविणें हाच पहिला उपाय. जंत असतील तर जंतांचें औषध. रक्तपेशींतील दोन जनुकें भलत्या रीतीनें जुळून होणारा एक प्रकार २००३ सालीं उलगडला. त्यावर इमॅटिनिब फार गुणकारी ठरतें. अन्य कांहीं रोग्यांसाठीं मेपोलिझुमॅब या औषधास २०२० सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं हा आंकडा बहुधा झपाट्यानें उतरतो. म्हणूनच जुन्या चिठ्ठीवरून त्या घेण्याचा मोह होतो. परंतु स्ट्राँगिलॉइडिस नांवाचा जंत पोटांत असतां त्या घेतल्या, तर तो अनावर वाढून प्राणांवर बेतूं शकतें.

गणितांत नुसतें उत्तर पाहून आम्ही मास्तर गुण देत नाहीं; रीत विचारतों. येथेंही तेंच. कागदावरचा आंकडा उतरला म्हणजे रोग गेला, असें समजूं नये. घेतलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांपुढें ठेवावी, आणि 'हा आंकडा कशानें वाढला?' हें आधीं विचारावें.