जीपीएस नसेल तर विमान नागपूरला कसं पोचतं?

ज्यांना हा भाग लोकलच्या गर्दीत नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आकडेमोड जरा घाईत उरकली होती, इथे ती सावकाश मांडतोय.

एक छोटं विमान घेऊया. वेग ताशी २०० किलोमीटर, इंधन तासाला ३० लिटर. निघायचंय मुंबईहून, जायचंय नागपूरला, सरळ रेषेत साधारण ६९० किलोमीटर. जीपीएस नाही, रेडिओ नाही. होकायंत्र आहे, घड्याळ आहे, वेग दाखवणारा काटा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरूनही वाट दाखवणारं काही नव्हतं. तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे. नकाशावर रेघ मारायची, दिशा मोजायची, नाक तिकडे करायचं आणि साडेतीन तास उडायचं. इथेच घोळ होतो, कारण विमान रस्त्यावर चालत नाही. ते हवेत तरंगतं आणि हवा स्वतः चालत असते. नदी पोहून पार करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. समोरच्या घाटाकडे तोंड करून तो पोहतो आणि लागतो मात्र खालच्या अंगाला.

आता वारा डावीकडून, म्हणजे आपल्या प्रवासात साधारण उत्तरेकडून, ताशी ४० किलोमीटरने वाहतोय असं धरा. पायलटला काहीच जाणवत नाही. विमान सरळ आहे, होकायंत्र बरोबर आहे. पण साडेतीन तासांत वाऱ्याने त्याला १४० किलोमीटर बाजूला नेलेलं असतं. खाली बघाल तर नागपूर नाही, चंद्रपूरचा परिसर!

उपाय शाळेतल्या भूमितीतला आहे. नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवायचं, म्हणजे विमान तिरकं उडतं आणि जातं मात्र सरळ. किती वळवायचं? विमानाचा वेग, वाऱ्याचा वेग आणि जमिनीवरचा मार्ग यांचा त्रिकोण काढायचा. आपल्या उदाहरणात उत्तर येतं साडेअकरा अंश. वाऱ्याशी झगडण्यात थोडा वेग जातो, म्हणून जमिनीवरून मोजला तर वेग २०० ऐवजी १९६ भरतो आणि प्रवास ३ तास ३१ मिनिटांचा होतो.

आता तोच वारा समोरून आला तर? वेग १६० वर येतो, प्रवास ४ तास १९ मिनिटांचा होतो. इंधन लागतं जवळजवळ १३० लिटर, आडव्या वाऱ्यात लागलं असतं १०६. टाकीत १२० लिटर भरून निघाला असाल, तर ६४० किलोमीटरवर इंजिन बंद पडणार, म्हणजे अंदाजे वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलावर. वाऱ्याचं गणित हा पायलटचा जगण्यामरण्याचा प्रश्न होता, तो असा.

पण हा त्रिकोण काढायचा कुठे? गुडघे डॅशबोर्डला टेकलेत, एक हात दांडीवर, मांडीवर फडफडणारा नकाशा. तिथे पट्टी, कोनमापक आणि मोठा कागद पसरायला जागाच नाही. १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने हे सगळं टेबल तळहाताएवढ्या साधनात बसवलं. अमेरिकी सैन्याच्या नोंदीतल्या क्रमांकावरून त्याला ई-६-बी हे नाव पडलं. डाल्टन १९४१ मध्ये विमान अपघातातच गेला. पण त्याचं साधन दुसऱ्या महायुद्धात घाऊक प्रमाणात बनलं आणि आजही अनेक फ्लाइंग स्कूलमध्ये मुलांना ते फिरवायला शिकवतात. (स्टार ट्रेकच्या जुन्या मालिकेत मिस्टर स्पॉकच्या हातातही हेच दिसतं. अंतराळयानात वाऱ्याचा हिशोब कशाला, ते विचारू नका.)

त्याच्या एका बाजूला फिरणारी पारदर्शक चकती आणि तिच्याखाली सरकणारी आखलेली पट्टी. चकती वाऱ्याच्या दिशेवर लावायची, वाऱ्याच्या वेगाएवढ्या अंतरावर पेन्सिलीने एक ठिपका काढायचा. मग चकती आपल्या मार्गाच्या दिशेवर फिरवायची आणि ठिपका विमानाच्या वेगाच्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवायची. झालं! चकतीच्या मध्यबिंदूखाली जमिनीवरचा वेग वाचा, ठिपका मधल्या रेषेपासून जितके अंश बाजूला आहे तितकं नाक वळवा. त्रिकोण काढलाच नाही, तो चकतीखाली आपोआप तयार झाला.

दुसऱ्या बाजूला गोल स्लाइड रूल. दोन साध्या फूटपट्ट्या एकमेकींवर सरकवल्या की ३ अधिक ४ म्हणजे ७ मिळतात, कारण आपण लांब्या जोडतो. आता आकड्यांमधलं अंतर असं बदला की १ ते १० ची लांबी आणि १० ते १०० ची लांबी सारखी होईल. त्यावर लांब्या जोडल्या की बेरजेऐवजी गुणाकार मिळतो. अकरावीत ज्या लॉग टेबलला आपण शिव्या घातल्या, ते हेच. अंतर, वेळ, इंधन, सगळं एक चकती फिरवून. बॅटरी नाही, अपडेट नाही, क्रॅश नाही. म्हणजे, ते साधन तरी क्रॅश होत नाही.

अर्थात वाऱ्याचा अंदाज चुकतोच. म्हणून वाटेत खाली बघायचं. मुंबई-नागपूर सरळ रेघ छत्रपती संभाजीनगरवरून जाते, साधारण २७० किलोमीटरवर, म्हणजे १ तास २३ मिनिटांनी. तेव्हा शहर पोटाखाली न दिसता ९ किलोमीटर डावीकडे दिसलं आणि उजवीकडे नाथसागराचं पाणी जास्तच जवळ आलं, तर वारा सांगितल्यापेक्षा जोरात आहे. पायलट लोक इथे एक तोंडी हिशोब वापरतात: ६० किलोमीटरमागे १ किलोमीटर भरकटणं म्हणजे १ अंश. २७० मागे ९ म्हणजे २ अंश. एवढं वळलात की भरकटणं थांबेल. पुन्हा नागपूरला पोचायचं तर उरलेल्या ४२० किलोमीटरमागे ९, म्हणजे आणखी साधारण सव्वा अंश.

अंदाज करा, खूण बघा, अंदाज सुधारा. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण पुढचे सगळे शोध हेच काम वेगळ्या भांड्यात करतात.

ढगात किंवा समुद्रावर खूण दिसतच नाही. तिथे आलं इनर्शियल नेव्हिगेशन. प्रवेग मोजायचा, त्याची बेरीज करत गेलं की वेग, वेगाची बेरीज करत गेलं की अंतर. जायरोस्कोप दिशा धरून ठेवतो. बाहेर बघायची गरजच नाही. १९५३ मध्ये एमआयटीच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपरच्या टीमने अशा यंत्राच्या भरवशावर मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत विमान नेलं. यंत्र एक टनाहून जड होतं. त्याचे चिमुकले भाऊबंद आज तुमच्या फोनमध्ये आहेत आणि बोगद्यात जीपीएस गेल्यावर नकाशावरचा निळा ठिपका पुढे ढकलायला त्यांचा उपयोग होतो. पण चूकही दोनदा बेरजेत जाते. प्रवेग मोजताना सेकंदावर्गाला फक्त १ सेंटिमीटरची चूक धरा: मिनिटात १८ मीटर, दहा मिनिटांत १,८०० मीटर. विमानातलं चांगलं यंत्र तासाला दोनेक किलोमीटरच भरकटतं, पण भरकटतंच.

आणि यंत्र चालू असणं आणि विमान त्याचं ऐकत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं ००७ विमान अँकरेजहून सोलला जाताना मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. ऑटोपायलट इनर्शियल यंत्राला जोडला न जाता होकायंत्राची एकच दिशा धरून उडत राहिला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याच महिन्यात अमेरिकेने जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठी खुलं ठेवू. आपण आज फुकट वापरतो त्यामागे हे आहे.

जीपीएस म्हणजे न चुकणारी खूण, असं वाटू लागलं. आजची विमानं इनर्शियलचा अंदाज आणि जीपीएसची खूण सतत एकमेकांत मिसळतात. कोणावर किती भरवसा ठेवायचा हे काल्मन फिल्टर नावाचं गणित ठरवतं, १९६० सालचं. पण हा सिग्नल सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि अगदी क्षीण असतो. जमिनीवरून कोणी जोरात खोटा सिग्नल सोडला की रिसीव्हर तोच खरा मानतो. याला स्पूफिंग म्हणतात. २०२३ मध्ये इराक-इराणच्या आसपास हे इतकं वाढलं की नोव्हेंबरमध्ये आपल्या डीजीसीएनेही त्यावर सूचना काढल्या. वाईट गोष्ट अशी की काही विमानांत खोटी खूण त्या मिश्रणात शिरून इनर्शियलचा चांगला अंदाजही बिघडवून गेला.

त्यामुळे जमिनीवरचे जुने रेडिओ ठाणे मोडीत काढून चालत नाही. डीएमई नावाच्या ठाण्याला विमान एक स्पंद पाठवतं, ठाणं ठरलेल्या विलंबाने उत्तर देतं, आणि त्या वेळावरून अंतर निघतं. उपग्रहाचा संबंधच नाही. आणि स्क्रीनवरचं विमान अचानक ८० किलोमीटर बाजूला उडी मारतं तेव्हा कॉकपिटमधली दोन माणसं आधी घड्याळ बघतात, नाकाची दिशा बघतात, आणि मनातल्या मनात विचारतात: शेवटची खात्रीची खूण कुठली होती, आणि तेव्हापासून वारा किती?