बोर्डाच्या शाळेतून बोर्डावर

'स्कूल बोर्ड' हा शब्द आपल्याकडील जुन्या शिक्षकांस परका नाही. मुंबई इलाख्यात १९२३ च्या आणि पुढे १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यान्वये स्कूल बोर्डे काम पाहत असत, आणि खेड्यातील लोक शाळेस सरळ 'बोर्डाची शाळा' म्हणत. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. बोर्ड हे नाव मागे पडले; परंतु त्या काळी शिक्षकांच्या बैठकीत निघणारा एक प्रश्न आजही निघतो. ज्याने उभे आयुष्य वर्गात घालविले, त्याने पुढे शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर निवडून जावे काय? आणि गेल्यास त्याच्या हातून असे काय घडते, जे दुसऱ्याच्या हातून घडत नाही?

कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा परिषदेचा सेवक असल्याने सेवेत असेपर्यंत त्यास परिषदेचा सदस्य होता येत नाही. १९६७ च्या जिल्हा सेवा वर्तणूक नियमांनी त्यास राजकारणात भाग घेण्यासही मनाई आहे. विधान परिषदेत शिक्षकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आहेत खरे, परंतु घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने तेथील मतदानाचा अधिकार माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकांपुरताच ठेवला आहे. प्राथमिक शिक्षक त्यात येत नाही. निवडणुकीच्या दिवशी मतदाराच्या बोटास शाई लावण्याचे काम मात्र बहुधा त्याच्याच वाट्यास येते! सेवानिवृत्तीनंतर त्याची वाट मोकळी होते. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली असून तिच्यातील किमान तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. तेव्हा निवृत्त गुरुजी एखाद्या विद्यार्थ्याचे पालक असल्यास, किंवा गावातील जाणते म्हणून, तेथेही येऊ शकतात.

येऊ शकतात, हे झाले नियमाचे उत्तर. येऊन काय होते, हे समजण्यास एक प्रत्यक्ष चरित्र पाहणे अधिक उपयोगाचे. ते आपल्या देशातील नाही. परंतु खेड्यातील दोनशिक्षकी शाळा ज्याने चालविली आहे त्यास ते दूरचे वाटू नये.

अमेरिकेत स्कूल बोर्ड ही संस्था आजही जिवंत आहे. त्या देशात सुमारे १३ हजार शाळा-जिल्हे असून बहुतेकांचे मंडळ लोकांनी निवडलेले असते. शाळेचे अंदाजपत्रक, शिक्षकांच्या नेमणुका, कोणत्या वस्तीतील मुलांनी कोणत्या शाळेत जावयाचे याच्या सीमा, मुलांना आणणाऱ्या मोटारी, हे सर्व या मंडळापुढे येते. अधीक्षकाची नेमणूकही तेच करते. सदस्य शिक्षणशास्त्रज्ञ असावा लागत नाही. दुकानदार, शेतकरी, गृहिणी, कोणीही चालतो. अशाच एका मंडळावर, साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन येथे, १९७५ साली एक निवृत्त शिक्षिका निवडून आल्या. त्यांचे नाव सेप्टिमा पॉइनसेट क्लार्क. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे. आणि याच गावच्या शाळांतून एकोणीस वर्षांपूर्वी त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले होते.

क्लार्कबाईंचा जन्म ३ मे १८९८ चा. वडील गुलामगिरीत जन्मलेले. आई लोकांचे कपडे धुण्याचे काम करी. १९१६ साली त्या एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूट या शाळेतून शिक्षण संपवून बाहेर पडल्या. परंतु चार्ल्स्टन शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या सार्वजनिक शाळा असल्या तरी त्यांत शिक्षक गोरेच असत. म्हणून बाईंना जॉन्स आयलंड या बेटावर जावे लागले. तेव्हा तेथे पूल नव्हता, होडीने जावयाचे. शाळेत मुले १३२ आणि शिक्षिका दोन. जवळच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात मुले तीन आणि शिक्षिका एक. मुख्य शिक्षिका म्हणून क्लार्कबाईंना वेतन ३५ डॉलर, आणि त्या तीन मुलांच्या शिक्षिकेस ८५ डॉलर.

मुले शेतीचा हंगाम आटोपल्यावर शाळेत येत. पुस्तके पुरेशी नव्हती. बाई मुलांना त्यांच्याच बेटावरील झाडांच्या, प्राण्यांच्या, घरांच्या गोष्टी सांगावयास लावीत, त्या कागदी पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून काढीत आणि तेच वाचनपाठ म्हणून वापरीत. सायंकाळी प्रौढ येत, कारण त्यांना सभेत चार शब्द बोलावयाचे असत, बायबल वाचावयाचे असे. हे प्रौढवर्ग कोणत्याही योजनेत नव्हते. लोकांनी मागितले म्हणून ते सुरू झाले. पुढील सर्व कार्याचे बीज या सायंकाळच्या वर्गांत होते.

१९१९ साली त्या शहरात परतल्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एन्. ए. ए. सी. पी. या संस्थेच्या सभासद झाल्या. शहरातील शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना घ्यावे या मागणीच्या अर्जावर त्यांनी घरोघर हिंडून सह्या मिळविल्या, आणि १९२० साली ती मागणी मान्य झाली. पुढे राज्याच्या राजधानीत, कोलंबिया येथे, त्यांनी बरीच वर्षे शिकविले. नोकरी सांभाळून १९४२ साली पदवी व १९४६ साली पदव्युत्तर पदवी घेतली. याच काळात समान वेतनाचा खटला उभा राहिला. १९४५ साली न्यायाधीश वेअरिंग यांनी कृष्णवर्णीय शिक्षकांच्या बाजूने निर्णय दिला. १९४७ साली बाई पुन्हा चार्ल्स्टनला आल्या.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावर आधारलेल्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या. त्या निकालातील पाच खटल्यांपैकी एक साउथ कॅरोलिनातीलच होता. राज्यकर्त्यांनी त्याचा राग काढला तो नोकरदारांवर. १९५६ साली असा कायदा झाला की, राज्याच्या वा स्थानिक संस्थेच्या सेवकाने एन्. ए. ए. सी. पी. चे सभासद राहता कामा नये. अनेक शिक्षकांनी सभासदत्व लपविले अथवा सोडले. क्लार्कबाईंनी ते लपविलेही नाही आणि सोडलेही नाही. त्यांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर चाळीस वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतनही गेले.

येथे एक गोष्ट आपण शिक्षकांनी मन घट्ट करून वाचली पाहिजे. बाईंनी ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना स्वतःच्या सहीने पत्रे लिहिली. हा कायदा उद्या तुम्हांसही लागेल, आपण मिळून विरोध करू, असा त्यांचा आशय होता. उत्तरे आली २६. अधीक्षकांस भेटावयास जाण्याची वेळ आली तेव्हा सोबतीला आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. हा आपल्या आयुष्यातील मोठा पराभव, असे त्या पुढे मानीत. इतरांना दोष देणे मात्र सोपे नाही. त्या राज्यात कृष्णवर्णीय सुशिक्षितास शिक्षकाच्या नोकरीवाचून दुसरी वाट जवळजवळ नव्हती, आणि नोकरी ज्यांच्या हाती होती ती मंडळे निवडण्यात या समाजाचे मत जवळपास शून्य होते. शिक्षक भित्रा होता हे खरे. परंतु त्याच्या पाठीशी मतदार नव्हता, हे त्याहून अधिक खरे. बाईंनी आपले पुढील काम नेमके येथून सुरू केले.

त्या टेनेसी राज्यातील हायलँडर फोक स्कूल या प्रौढशिक्षणाच्या संस्थेत कार्यशाळा चालवू लागल्या. १९५५ च्या उन्हाळ्यात तेथील त्यांच्या कार्यशाळेस आलेल्यांत रोझा पार्क्स होत्या. त्यांनीच त्या वर्षीच्या १ डिसेंबरला माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला.

साउथ कॅरोलिनात मतदार म्हणून नाव नोंदविण्यास राज्याच्या घटनेतील मजकूर वाचून दाखवावा लागे. जॉन्स आयलंडवर एसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बेटावरील लोकांना कामासाठी आपल्या बसने शहरात नेत, आणि जाता-येता त्यांच्याकडून तो मजकूर पाठ करून घेत. तथापि पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे उतारूंनाच कळले. त्यांतील एका बाईंनी आपणांस खरोखर वाचावयास शिकवा, अशी गळ घातली. त्यातून ७ जानेवारी १९५७ रोजी पहिली नागरिक-शाळा सुरू झाली. घर असे निवडले की पुढे दुकान आणि मागे वर्ग. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गोऱ्यांस संशय येऊ नये.

शिकविणार कोण? आपणांस वाटेल, एखादी अनुभवी शिक्षिका. तसे झाले नाही. क्लार्कबाई व जेंकिन्स यांनी हेतुपुरस्सर प्रशिक्षित शिक्षक टाळला. एक तर नोकरदार शिक्षकाचे हात बांधलेले; आणि दुसरे म्हणजे प्रौढांना मुलांसारखे वागविण्याची सवय शिक्षकाला जडलेली असते, असे त्यांचे मत होते. स्वतः चाळीस वर्षे शिकविलेल्या बाईचे हे मत आहे, म्हणून ते ऐकून घेतले पाहिजे. निवड झाली ती केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या त्यांच्या नात्यातील स्त्रीची. रॉबिन्सनबाईंनी पहिल्या दिवशी प्राथमिक शाळेतील पुस्तके नेली आणि लगेच बाजूला ठेवली. साठी गाठलेल्या माणसापुढे बालवाचन ठेवणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी उपस्थितांनाच विचारले की, आपणांस काय शिकावयाचे आहे? कोणाला सही करावयाची होती, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरावयाचा होता, कोणाला बायबल. तोच अभ्यासक्रम झाला, आणि घटनेतील मजकूर त्यात मिसळला. आठवड्यातून दोन रात्री, प्रत्येकी दोन तास. पहिल्या वर्गात चौदा जण होते. त्यांतील कित्येकांची नावे मतदारयादीत आली.

१९६१ साली हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेने आपल्याकडे घेतला आणि क्लार्कबाई तेथे शिक्षणाचे काम पाहू लागल्या. दक्षिणेतील राज्यांतून साधी, थोडी शिकलेली माणसे येत. आठवड्याभराचे शिक्षण घेऊन आपापल्या गावी वर्ग उघडीत. १९७० पर्यंत अशा शाळांची संख्या सुमारे ९०० वर गेली. मधल्या काळात, १९६५ साली, मतदानहक्क कायद्याने वाचनाची ती अटच रद्द केली. येथे आपल्यातील कोणी विचारील की, मग वाचावयास शिकविणे फुकट गेले काय? मतपत्रिका हाती आल्यावर ती कशासाठी वापरावयाची, हे अट रद्द झाल्याने कोणास कळत नाही. ते त्या मागच्या खोल्यांतच कळले होते.

आता १९७५ च्या निवडणुकीकडे पुन्हा पाहू. एक निवृत्त शिक्षिका उभी राहिली आणि निवडून आली, एवढेच वरवर दिसते. वस्तुतः तिला मत देणारा समाज तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अक्षर अक्षर करून उभा केला होता. १९५६ साली ७२६ पत्रांना जे बळ आले नाही, ते या वेळी मतपेटीतून आले. मंडळावर त्या दोन मुदती राहिल्या.

मंडळावरील काम डोळ्यांत भरणारे नसते. हिशेब, सीमा, दुरुस्त्या, नेमणुका. आणि बैठका लांबतात. एका सदस्यास एकच मत. शिक्षक म्हणून आलेल्या सदस्याकडून आणखी एक धोका संभवतो: तो आपल्या जुन्या सहकाऱ्यांचा वकील होऊन बसतो आणि बदल्या व बढत्या यांपलीकडे त्याची दृष्टी जात नाही. आपल्याकडेही हे पाहिलेले नाही असे नाही. परंतु फळा नसलेल्या वर्गात, वा एका खोलीत पन्नाससाठ मुले घेऊन बसणे म्हणजे काय, हे ज्यास अनुभवाने ठाऊक आहे असा एक तरी माणूस मंडळाच्या मेजाभोवती असला, तर अंदाजपत्रकातील रकमेचा अर्थ तो इतरांस सांगू शकतो. जॉन्स आयलंडचे ३५ आणि ८५ हे आकडे ज्या स्त्रीने आपल्या पगाराच्या रूपाने भोगले, तिला समानतेची व्याख्या कागदपत्रांतून काढावी लागत नव्हती.

निवडून आल्यानंतरच्या वर्षी, १९७६ साली, साउथ कॅरोलिनाच्या राज्यपालांनी क्लार्कबाईंना १९५६ साली अन्यायाने दूर केले गेल्याचे मान्य केले आणि त्यांचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. वीस वर्षे उशिरा. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले ते जॉन्स आयलंडवर. १९१६ साली होडीतून उतरून त्या पहिल्यांदा शिकवावयास गेल्या होत्या, तेच ते बेट.