पत्ता नसलेल्यांचे फोटो

कॉलेजातलं फोटो प्रदर्शन म्हटलं की मावळता सूर्य, पावसातला धबधबा आणि सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजी हे ठरलेलंच. आमच्या गावच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी नुकतंच जे प्रदर्शन भरवलं, त्यात यातलं काही नव्हतं. आपापल्या मोबाइलवर त्यांनी दोन महिने एकच विषय टिपला होता. आपल्या गावात रात्री छपराखाली कोण झोपत नाही?

एसटी स्टँडच्या बाकाखाली गाठोडं उशाला घेऊन झोपलेले आजोबा. बाजार समितीच्या ओट्यावर हमालाचं अख्खं कुटुंब. आणि गावाबाहेर माळावर पालं, पालापुढे तीन दगडांची चूल, चुलीपुढे ओली लाकडं फुंकणारी बाई. बघायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणी म्हणत होत्या, ''अगं बाई, हे आपल्याच गावातलं? बेघर तर मुंबईत असतात ना?''

मुंबईत असतातच. पण २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री कर्मचारी मुद्दाम अशा ठिकाणी फिरले, तेव्हा देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यातले निम्म्याजवळ ग्रामीण भागातले होते. महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त, म्हणजे उत्तर प्रदेशच्या खालोखाल. जनगणनेच्या व्याख्येत पदपथ, फलाट, पुलाखालची जागा, देवळाचं आवार आणि रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइपसुद्धा येतात. एका मुलाचा फोटो नेमका तसल्याच पाइपचा होता. आत दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला.

आता घरांची टंचाई म्हणजे काय, तेही बघा. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने २०१२मध्ये शहरी भागात सुमारे १ कोटी ८८ लाख घरं कमी पडतात असा अंदाज दिला. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक गरज गरीब आणि अल्प उत्पन्न गटाची. पण यात रस्त्यावरची कुटुंबं थोडीच. बहुतेक जण घरातच आहेत, फक्त दाटीवाटीने. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही, अशी घरं या टंचाईत धरली आहेत. सासू-सासरे, नणंद आणि नवी सून एका खोलीत निजतात, मध्ये साडीचा पडदा. हे आपल्यापैकी किती जणींनी काढलंय! गंमत म्हणजे २०११च्याच जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी, कुलूपबंद होती.

प्रदर्शनापेक्षा मला त्यामागची भांडणं जास्त मोलाची वाटली. आमचं महिला मंडळ पालांवर जातं म्हणून सरांनी मला तयारीच्या बैठकीला बोलावलं होतं. एकाने साडीच्या आडोशाने आंघोळ करणाऱ्या बाईचा फोटो आणला. फोटो फार सुरेख, उजेड काय सुंदर पडलेला! दोघं-तिघं म्हणाले, हाच मुख्य फोटो. एक मुलगी उठून म्हणाली, ''तिला विचारलंस का? तुझ्या बहिणीचा लावशील?'' फोटो निघाला. माझ्या मते त्या दिवशी तिने जे केलं ते बक्षिसापेक्षा मोठं. मग नियमच ठरला. विचारल्याशिवाय फोटो नाही, झोपलेल्याचा चेहरा नाही आणि प्रत्येकाला एक छापील प्रत द्यायची.

पालावरची एक बाई मात्र स्वतःहून पुढे आली. ''काढ की पोरी फोटू. पर भांडी घासून ठिवते, मग काढ. लोक म्हनतील, घान ऱ्हात्यात.'' तिने पातेली राखेने लख्ख केली, रचून ठेवली, शेजारी उभी राहिली. चूल आणि डोक्यावरचं फाटकं कापड त्या फोटोत आहेच, पण नजर आधी जाते ती पातेल्यांकडे.

गरिबाचा फोटो कुणी काढावा, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत जिम हबर्ड नावाचे वृत्तछायाचित्रकार वॉशिंग्टनमध्ये बेघर कुटुंबांचे फोटो काढायचे. निवाऱ्यातली मुलं त्यांच्या कॅमेऱ्याला लोंबकळायची. शेवटी १९८९मध्ये त्यांनी कॅमेरे मुलांच्याच हातात देणारा उपक्रम सुरू केला, नाव ‘शूटिंग बॅक’. आजवर आमच्यावर नेम धरलात, आता आम्ही धरतो, असा काहीसा अर्थ. त्या फोटोंचं पुस्तकही १९९१मध्ये निघालं.

आपल्याकडे त्याच्याही आधी, १९८५मध्ये, मुंबईत ‘स्पार्क’ संस्थेने पदपथावरच्या कुटुंबांची मोजणी केली आणि पुढे भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. कसं घर हवं ते त्या स्वतः सांगू लागल्या. त्यांनी आखलेली खोली चौदा फूट उंच होती, म्हणजे मध्ये माळा घालता येतो. इंजिनिअरला न सुचलेलं बाईला सुचतं ते असं.

आमच्या मुलांनीही एक मोबाइल पालावरच्या दहा वर्षांच्या मुलीकडे दिला. तिने पालाचा एकही फोटो काढला नाही. शेळीचं करडू, आईची पाठ, हापशावरची रांग आणि समोरच्या नव्या बिल्डिंगच्या काळोख्या खिडक्या एवढंच.

भटक्या-विमुक्तांसाठी ‘यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना’ २०११मध्ये आली. तीत कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर आहे. अडतं ते जातीच्या दाखल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्यांनी जुना कागद आणायचा कुठून? प्रदर्शन उतरल्यावर त्याच मुलांनी सात कुटुंबांची माहिती लिहून घेतली, प्रत्येक अर्जाला तो छापील फोटो जोडला. तीन अर्ज तहसील कार्यालयात दिलेत. उरलेल्या चारांसाठी आजोबांचं मूळ गाव शोधणं चालू आहे. पुढच्या मंगळवारी दोन मुली त्यासाठीच शेजारच्या तालुक्यातल्या शाळेचं जुनं रजिस्टर बघायला जाणार आहेत. मीही जाईन म्हणते.