पाळी चुकली तर तंबू गेला

अमेरिकेतल्या बहुतेक बेघर-निवाऱ्यांत कुणाला कधी आत घ्यायचं आणि कधी बाहेर काढायचं हे पगारी माणसं ठरवतात. पुष्कळ ठिकाणी भल्या पहाटे दिवे लागतात आणि थोड्याच वेळात सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उचलून रस्त्याला लागायचं. नवरा-बायको असतील तर तो पुरुषांच्या दालनात, ती बायकांच्या. सोबत कुत्रा असेल तर बहुधा तिघंही बाहेर. आणि माणूस रात्रपाळीचा असेल तर निवारा त्याच्या काहीच कामाचा नाही, कारण त्याच्या झोपेच्या वेळेला निवाऱ्याचं दार बंद असतं. बेघर माणसं कामावर जातात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. जातात. हॉटेलात भांडी घासतात, गोदामात खोकी उचलतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. फक्त त्या पगारात सिॲटलचं घरभाडं भरता येत नाही.

मी सिॲटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनपलीकडच्या उपनगरात राहते आणि हिशेब लिहिण्याची नोकरी करते. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात कुणीतरी सॉफ्टवेअरमधलं, त्यात मराठी भरपूर. याच भागातल्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये तंबूंची वस्ती मुक्कामाला आली आणि आम्ही चार-पाच मैत्रिणींनी तिथे अधूनमधून रात्रीचं जेवण न्यायला सुरुवात केली. फाटकाशी पहिला तंबू होता. आत घडीचं टेबल, वही, वॉकीटॉकी आणि लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली साठीची एक बाई. "सही करा, वेळ लिहा." आम्ही जेवण आणलंय, असं मी राजम्याचं पातेलं दाखवत म्हणाले. "दिसतंय ना. सही करा." ती तिथलीच रहिवासी, त्या संध्याकाळी फाटकाची पाळी तिची होती. मी सही केली. नंतर पाळक आले, त्यांनीही केली. जागा त्यांच्या चर्चची, तरी वहीतून सुटका नाही.

अशा वस्तीत पगारावर कुणी नसतं. फाटक राखणं, रात्रीची गस्त, स्वयंपाकाचा तंबू आवरणं, आजूबाजूच्या गल्ल्यांतला कचरा उचलणं, नव्या माणसाची नोंद करणं, सगळं रहिवासीच करतात. फळ्यावर आठवड्याच्या पाळ्या लिहिलेल्या असतात. आठवड्याला सभा होते, तिला हजर राहणं सक्तीचं. कार्यकारिणी निवडून येते आणि ठरावीक काळाने बदलते. नियम मोजके, पण कडक: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, शस्त्र नाही, मारामारी नाही, चोरी नाही, रात्री आवाज नाही. येताना ओळखपत्र दाखवायचं. लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीत नाव निघालं तर प्रवेश नाही. चर्चकडून जागा, पाणी आणि वीज मिळते. फिरती शौचालयं, कचऱ्याची मोठी पेटी आणि बसची तिकिटं यांचा खर्च देणग्यांतून निघतो. बदल्यात मिळतं काय, तर दिवसाही आपलाच राहणारा तंबू. सामान तिथेच ठेवून कामावर जाता येतं. जोडप्याला एकत्र राहता येतं. रात्रपाळी करून आलेल्याला दुपारपर्यंत झोपता येतं.

एकदा मला सभेला बसू दिलं, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. विषय होता एका तरुणाचा. त्याने पहाटेची गस्त चुकवली होती, कारण आदल्या संध्याकाळी त्याला लांबच्या गावात मजुरी मिळाली आणि शेवटची बस गेली. मला वाटलं, काम मिळालं हे तर चांगलंच, विषय संपला. पण चर्चा चांगली तासभर चालली. एकाचं म्हणणं, निरोप द्यायला फोन होता ना? दुसरी म्हणाली, त्याच्या जागी मी चार तास पावसात उभी होते आणि सकाळी मलाही कामावर जायचं होतं. ती चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती, आणि त्याचाच सगळ्यांवर जास्त परिणाम झाला. शेवटी हात वर करून मतं घेतली: त्याने तिच्या दोन पाळ्या करायच्या. तो "ठीक आहे" म्हणाला आणि उठून खुर्च्या लावायला लागला. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभांमध्ये गवताच्या उंचीवरून याहून वाईट भांडणं होतात, आणि निकाल कधीच लागत नाही.

हे सगळं काल-परवा सुचलेलं नाही. सिॲटलमध्ये याची मुळं मंदीच्या काळापर्यंत जातात. १९३१च्या शरद ऋतूत बेकार मजुरांनी बंदराजवळच्या मोकळ्या जमिनीवर फळकुटं, पत्रे, खोकी जोडून झोपड्या उभारल्या. अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या नावावरून अशा वस्त्यांना देशभर हूवरव्हिल म्हणत. शहराने ही वस्ती दोनदा जाळली, माणसांनी दोनदा पुन्हा बांधली. मग शहराने हात टेकले आणि अटी घातल्या: बायका-मुलं ठेवायची नाहीत आणि तुमच्यातूनच एक समिती निवडा, आम्ही तिच्याशी बोलू. जेसी जॅक्सन नावाचा बेकार लाकूडतोड्या वस्तीचा 'महापौर' म्हणून ओळखला जाऊ लागला (नागरी हक्कांच्या चळवळीतले जेसी जॅक्सन ते हे नव्हेत). समितीत दोन गोरे, दोन कृष्णवर्णीय आणि दोन फिलिपिनो होते. ज्या काळात शहराच्या चांगल्या वस्त्यांत काळ्या माणसाला घर विकत मिळत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. १९३४मध्ये डोनाल्ड रॉय या विद्यार्थ्याने तिथे राहून गणती केली: ४७९ झोपड्या, ६३२ पुरुष आणि ७ बायका. म्हणजे अट पाळली गेली, पण अगदी तंतोतंत नाही. १९४१मध्ये युद्धाच्या तयारीसाठी जमीन हवी झाली आणि हूवरव्हिल कायमचं पाडलं.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९०च्या नोव्हेंबरात, त्या जागेपासून फार लांब नसलेल्या किंगडोम स्टेडियमच्या बाजूला पुन्हा तंबू उभे राहिले. त्यातून 'शेअर' ही बेघरांची स्वतःची संघटना निघाली. शहराने त्यांना बसगाड्यांच्या एका जुन्या शेडमध्ये हलवलं. पुढे चर्चच्या तळघरांतून आणि सभागृहांतून रहिवाशांनीच चालवलेले छोटे निवारे सुरू झाले. १९९३पासून बायकांची 'व्हील' ही संघटना शेअरच्या जोडीने काम करू लागली. सिॲटल ज्यात येतं त्या किंग परगण्यात कुणी बेघर माणूस उघड्यावर मेला की या बायका काळे कपडे घालून शहरात मूक उभ्या राहतात. हे २०००पासून चालू आहे. मेलेल्यांच्या नावांची ब्राँझची पानं फुटपाथांवर बसवली आहेत. सिॲटलला आलात तर पाइक प्लेस मार्केटमधले मासे फेकणारे बघून झाल्यावर खालीही बघा.

२००० साली शेअर आणि व्हील यांची 'टेंट सिटी थ्री' ही तंबूवस्ती सुरू झाली आणि खरी लढाई लागली. शहर म्हणे, परवाना नाही. एल सेंट्रो दे ला रासा या लॅटिनो संस्थेने तंबूंना आपल्या आवारात जागा दिली. ही संस्था स्वतःच १९७२मध्ये रिकाम्या पडलेल्या शाळेचा ताबा घेऊन जन्माला आली होती, तेव्हा तिला परवान्याची भीती कोण घालणार? प्रकरण कोर्टात गेलं आणि २००२मध्ये तडजोडीचा हुकूम निघाला: जास्तीत जास्त १०० माणसं, एका जागी साधारण ९० दिवस, यजमानाच्या संमतीनेच. तेव्हापासून ही वस्ती दर तीन महिन्यांनी गाशा गुंडाळते आणि दुसऱ्या चर्चच्या दारात जाते. २००५मध्ये सिॲटल युनिव्हर्सिटीने तिला आवारात जागा दिली. २०१६-१७च्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने आपल्या पार्किंगमध्ये.

चर्चच का, हा प्रश्न आमच्या मंडळींना नेहमी पडतो. एक कारण श्रद्धेचं. दुसरं, तितकंच वजनदार, कायद्याचं. बेघराला आसरा देणं हा आमच्या धर्माचरणाचाच भाग आहे, असं चर्च म्हणालं की नगरपालिकेला सहज आडवं येता येत नाही. वुडिनव्हिल शहराने तंबूवस्तीला परवानगी मागणाऱ्या चर्चचा अर्जसुद्धा घ्यायला नकार दिला. २००९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल चर्चच्या बाजूने दिला, आणि २०१०मध्ये राज्याने तसा कायदाच केला. देवळं आणि गुरुद्वारेही त्या कायद्यात बसतात, हे जाता जाता सांगते.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबरातल्या एका रात्री आम्ही भांडी आवरत असताना वस्तीतला एक माणूस पिऊन आला. दंगा नाही, शिवीगाळ नाही, नुसता ओला होऊन फाटकाशी उभा. पाळीवर होता त्याचा पत्त्यांतला भिडू. त्याने त्याला आत घेतलं नाही. कोरडे मोजे आणि बसचं तिकीट दिलं आणि उद्याच्या सभेत बोलू म्हणाला. मी असते तर घेतलं असतं. पण मी घरी जाऊन झोपणार होते, आणि तो पाळीवाला तिथेच राहणार होता, जिथे दारू सोडून थोडेच दिवस झालेली माणसं पलीकडच्या तंबूत आहेत. माझा तरीही त्या निर्णयाशी पूर्ण समेट झालेला नाही.

तक्रारी आणखीही आहेत, आणि त्या जाहीर आहेत. मोर्चाला किंवा धरण्याला आला नाहीस तर काही दिवस बाहेर, अशा सक्तीबद्दल शेअरच्या निवाऱ्यांत राहिलेल्यांनीच वृत्तपत्रांकडे गाऱ्हाणी केली आहेत. संघटनेचं उत्तर असं, की निवारा भांडूनच मिळाला, तेव्हा भांडणात वाटा उचलायला हवा. मला ते निम्मंच पटतं. फाटकाची पाळी आणि मोर्चा यांत फरक आहे. पहिलीशिवाय वस्ती चालत नाही, दुसरा माणसाने मनाने करायचा असतो. आणखी एक मर्यादा उघड आहे. मानसिक आजाराने पार खचलेला किंवा व्यसनात बुडालेला माणूस पाळी करू शकत नाही, त्याला परिचारिका आणि औषध लागतं. या वस्त्या त्याच्यासाठी नाहीतच. त्यांच्याकडे बोट दाखवून सरकारने त्याची जबाबदारी झटकू नये.

हे फक्त सिॲटलमध्येच नाही. ओरेगनमध्ये पोर्टलंडच्या विमानतळाजवळ 'डिग्निटी व्हिलेज' आहे. २०००च्या डिसेंबरात पुलाखालचे काही तंबू म्हणून ती सुरू झाली, मग शहराच्याच जमिनीवर स्थिरावली. आता तिथे तंबूंच्या जागी लाकडी घरकुलं आहेत, आणि गावाचा कारभार रहिवाशांनी निवडलेलं मंडळ बघतं. सिॲटलमध्येही २०१५नंतर लाकडी घरकुलांची गावं झाली. ८ फूट बाय १२ फुटांची खोली, दाराला कुलूप. त्या कुलपाचं मोल तंबूत राहिलेल्यालाच कळतं. पण घरकुलं आली तसा सरकारी पैसा आला, पैशामागून अहवाल आले, आणि काही गावांत २०१९मध्ये कारभार रहिवाशांच्या हातून जाऊन पगारी कर्मचाऱ्यांकडे गेला. छप्पर पक्कं झालं की मत देण्याचा हक्क का जावा, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

मुंबईकरांना यात भायखळा आठवेल. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरच्या रहिवाशांबद्दलचा ओल्गा टेलिस निकाल दिला, आणि १९८६मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 'महिला मिलन' काढली. रोजची थोडी बचत, तिचा हिशेब त्यांचाच, महापालिकेशी बोलणीही त्यांचीच. तिथेही बाहेरून मदतीला आलेल्यांचं काम फक्त सोबत बसण्याचं होतं.

आमच्या उपनगरात तंबूवस्ती यायची असली की आधी शेजाऱ्यांची सभा बोलावतात. तिथे घरांच्या किमतीबद्दल सर्वांत चढ्या आवाजात बोलणाऱ्यांत आपली माणसंही असतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ही विनंती त्यांना आहे. अशी नोटीस तुमच्या टपालपेटीत आली तर सभेला जरूर जा, विरोध करायचा तर करा. पण त्याआधी एका संध्याकाळी वस्तीवर जाऊन या. राजमा न्या, तिखट बेताचं घाला, मोजे आणि ताडपत्री न्या. जुन्या साड्या नकोत. आणि फाटकावर सही मागतील, ती करा.