चांदीचं काम वहिनींचं, मग ‘विश्वकर्मा’चा अर्ज कुणाच्या नावावर?

पैंजण म्हटलं की हुपरी, आणि हुपरी म्हटलं की चांदी. हातकणंगले तालुक्यातलं हे काम आता रेंदाळ, यळगूडसारख्या शेजारच्या गावांतही घरोघरी चालतं. चांदी वजन करून घरात येते. बायका स्वयंपाक उरकून कड्या जुळवतात, घुंगरू बसवतात. माल परत वजन करूनच जातो. वजन कमी भरलं तर पहिला प्रश्न त्यांनाच. दुकानाच्या पाटीवर मात्र नाव घरच्या गड्याचं.

आता मुद्द्याचं बोलू. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सोनारकामही आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत. नंतर विनातारण १ लाखापर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजानं, फेड १८ महिन्यांत. ते नीट फेडलं तर पुढं २ लाखांपर्यंत, मुदत ३० महिने.

गोम पुढं आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि लाभ त्यातल्या एकालाच मिळतो. घाईनं दादांच्या नावावर अर्ज गेला की वहिनींचा रस्ता बंद! योजना आहे हातानं, अवजारानं काम करणाऱ्यासाठी. दादा नुसता व्यापार बघत असतील आणि हात वहिनींचे चालत असतील, तर अर्ज त्यांच्याच नावानं जायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वय १८ पूर्ण लागतं. घरात सरकारी नोकरदार असेल तर अर्ज चालत नाही. पीएमईजीपीचं कर्ज गेल्या पाच वर्षांत घेतलं असेल तरी अडतं. मुद्रा कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. नोंदणी सेवा केंद्रात आधारवर अंगठा देऊन होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद करते. बँक खातं वहिनींच्या स्वतःच्या नावाचं हवं.

आणि एक वही घालाच. तारीख, आलेली चांदी, गेलेला माल, घट, मजुरी. पडताळणीला कुणी विचारलं तर दाखवायला, आणि कारखानदाराशी वजनावरून वाद झाला तर समोर ठेवायला.