नळी रुंदावतां वारा कां धांवतो?

नदीचें पात्र अरुंद झालें कीं ओघ वाढतो व रुंद झालें कीं मंदावतो, असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. वाऱ्यासही हा नियम लागू पडतो. परंतु त्याची गति ध्वनीहून कमी असेल तोंवरच. ती मर्यादा ओलांडली कीं, विद्यार्थिमित्रहो, नळी रुंदावेल तसा वारा अधिकच धांवतो!

नळीच्या प्रत्येक छेदांतून दर सेकंदास सारख्याच वजनाची हवा गेली पाहिजे. ध्वनीच्या दुप्पट गतीनें जाणाऱ्या हवेचा वेग शेंकडा १ वाढला, तर तिची घनता शेंकडा सुमारें ४ घटते. इतक्या विरळ हवेस वाट देण्यास छेद शेंकडा सुमारें ३ मोठा लागतो. ध्वनीच्या निम्म्या गतीस मात्र घनता शेंकडा पावच घटते. म्हणून तेथें नळी अरुंदच हवी.

स्वीडनचे इंजिनियर गुस्ताफ द लाव्हाल यांनीं १८८८ सालीं वाफेच्या टर्बाइनसाठीं आधीं निमुळती व मग पसरट अशी नळी योजिली. ऐन गळ्याशीं वाफेची गति ध्वनीइतकी होते. पुढें दाब पुरेसा कमी असेल तरच ती वाढत जाते. नाहीं तर वाफही नदीसारखीच मंदावते. अग्निबाणाच्या तळाशीं दिसणारी घंटा ती हीच पसरट बाजू.