मुदतीआधीचा दंड

बदलीचा हुकूम हाती पडतो, शिक्षकाच्या घरी आवराआवर सुरू होते आणि मग वर्षभराच्या इंटरनेट जोडणीचा करार आठवतो. मुदतीआधी जोडणी तोडली की ‘फुकट’ म्हणून मिळालेल्या राउटरची किंमत एकरकमी मागितली जाते. सही करताना ते कलम वाचलेले नसते, हे खरे. पण ते वाचले जाऊ नये अशाच बारीक टाइपात छापलेले असते, हेही तितकेच खरे.

मात्र लिहिले म्हणून सारेच देणे लागते असे नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम करारातील रकमेला केवळ कमाल मर्यादा मानते. त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देववते. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित मानला आहे. गोम एवढीच, की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे नव्हे, राज्य आयोगापुढे न्यावी लागते. हजार-पाचशे रुपयांसाठी ती पायरी कोण चढणार?

म्हणून आधीच सावध असलेले बरे. बदलीचा संभव असेल तर महिन्याच्या बोलीवरच जोडणी घ्यावी; घेतलीच असेल तर नव्या पत्त्यावर हलवून मागावी. राउटर परत करताना लेखी पोच मात्र अवश्य घ्यावी.